पावतीच्या मागचा पसारा

१ जानेवारी २०२२ रोजी देशातल्या हजारो स्वयंसेवी संस्थांच्या हातून एक महत्त्वाचा परवाना गेला. परदेशातून देणगी घ्यायची, तर केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी लागते. आदल्या दिवसापर्यंत ती ज्यांच्याकडे होती, त्यांतल्या ५,७८९ संस्थांची नोंदणी त्या रात्री संपली. कुठे घोटाळा उघडकीला आला नव्हता, कुठे धाड पडली नव्हती. या संस्थांनी नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत केला नाही, एवढेच कारण मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांनी दिले. त्यांतल्या काही संस्था आधीच बंद पडल्या असतील, काहींना परदेशी पैशाची गरज उरली नसेल. पण ज्यांचे वसतिगृह, फिरता दवाखाना किंवा शाळा त्याच पैशावर चालत होती, त्यांच्या दृष्टीने एक तारीख चुकणे म्हणजे पुढच्या महिन्याचे पगार अडकणे.

सामाजिक संस्था म्हटली की डोळ्यांपुढे येतात ती कामे: कुष्ठरुग्णांची शुश्रूषा, आदिवासी पाड्यावरची शाळा, व्यसनमुक्तीचे केंद्र. ही कामे जिच्यावर उभी असतात ती बाजू फारशी कुणाला दिसत नाही. पावतीपुस्तके, ठरावांची वही, लेखापरीक्षण, धर्मादाय कार्यालयातले हेलपाटे, प्राप्तिकराचे नमुने आणि संकट आले तर काय करायचे याचा आधी केलेला विचार, हे सगळे त्या बाजूला येते. पैसा उभा करणे, धोके ओळखणे आणि कायदा पाळणे ही तीन वेगवेगळ्या टेबलांवरची कामे आहेत, असे अनेक संस्था धरून चालतात. एक काम संस्थापकाचे, दुसरे कुणाचेच नाही आणि तिसरे सीएचे, अशी वाटणी होऊन जाते. प्रत्यक्षात हे एकच काम आहे, आणि त्याकडे तसे पाहणाऱ्या संस्थाच वाईट वर्षांतून तगून जातात.

एक पैसा आणि १५ लाख

लोकांकडून पैसा गोळा करून लोकांसाठी संस्था उभारण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ काढला. माणशी वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा, अशी ती साधी कल्पना होती. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला.

त्याच काळात महर्षी धोंडो केशव कर्वे विधवा आणि मुलींच्या शिक्षणासाठी दारोदार फिरत होते. त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी या विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी दिली. त्या काळी ही रक्कम डोळे दिपवणारी होती. देणगीबरोबर अटीही आल्या. विद्यापीठाला ठाकरसींच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले आणि १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय पुण्याहून मुंबईला गेले. एसएनडीटी हे नाव आज घराघरांत ठाऊक आहे. एका मोठ्या देणगीने संस्थेला स्थैर्य दिले, तसा तिच्या नावावर आणि पत्त्यावरही ठसा उमटवला.

एकीकडे लाखो लोकांचा एकेक पैसा आणि दुसरीकडे एकाच दात्याचे १५ लाख. शंभर वर्षांनंतरही संस्थांपुढची निवड या दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी असते. छोट्या देणग्या गोळा करायला माणसे, टपाल आणि चिकाटी लागते, पण त्यांतला एखादा दाता गळाला तर संस्था हलत नाही. मोठी देणगी एका बैठकीत ठरते, पण दात्याचे मत बदलले तर प्रकल्पच गुंडाळावा लागतो. ‘क्राय’ ही संस्था १९७९ मध्ये मुंबईत सात मित्रांनी ५० रुपयांच्या भांडवलावर सुरू केली. शुभेच्छापत्रांची विक्री आणि असंख्य छोटे देणगीदार यांच्या जोरावर ती वाढली. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची सुरुवात १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी दिलेल्या देणगीच्या आधाराने झाली. कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या आनंदवनाच्या मागेही मराठी मध्यमवर्ग वर्षानुवर्षे उभा राहिला.

आज मार्ग वाढले आहेत. ‘लोकसत्ता’ २०११ पासून दर गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमात दहा संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक त्यांना धनादेश पाठवतात. पुण्यात पितृपंधरवड्यात ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन भरते, तिथे देणगीदाराला कार्यकर्त्यांशी समोरासमोर बोलता येते. २००४ पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारे आपापल्या आवडीच्या संस्थेसाठी निधी उभा करतात. ऑनलाइन देणगीची संकेतस्थळे आहेत, कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा, म्हणजे सीएसआर निधी आहे आणि सेबीच्या नियमांखाली सोशल स्टॉक एक्सचेंजही सुरू झाला आहे. मात्र यांतल्या प्रत्येक वाटेने येणारा पैसा वेगळा नियम घेऊन येतो, आणि तो नियम लागू होतो पावती फाडली त्या क्षणापासून.

एक पावती, सात नोंदी

देणगीची साधी पावती जरा निरखून पाहावी. तिच्यावर अनुक्रमांक असतो. रद्द झालेली पावती फाडून फेकायची नसते, तिच्या दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवायच्या असतात, कारण लेखापरीक्षक पहिल्यांदा क्रमांकांचा सलगपणा तपासतो. त्याखाली देणगीदाराचे नाव, पत्ता आणि पॅन. मग रक्कम आणि ती कशी आली याची नोंद: रोख, धनादेश, की यूपीआय. २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर देणगीदाराला ८०-जी खाली करसवलत मिळत नाही, त्यामुळे ही नोंद दात्याच्या खिशाशीही जोडलेली असते. पुढे देणगीचा हेतू. ती सर्वसाधारण कामासाठी आहे, विशिष्ट प्रकल्पासाठी आहे, की कायम निधीसाठी, म्हणजे संस्थांच्या भाषेत ‘कॉर्पस’साठी? कायम निधीसाठी असेल तर दात्याने तसे लेखी सांगितलेले हवे. नंतर कुणी आपल्या सोयीने तो शब्द लिहू शकत नाही. शेवटी संस्थेचा ८०-जी नोंदणी क्रमांक आणि सही.

या नोंदींचा पुढचा प्रवास मोठा आहे. वर्षभरातल्या देणग्यांचे विवरण संस्थेने ३१ मेपर्यंत १०-बीडी नमुन्यात प्राप्तिकर विभागाला कळवायचे आणि त्यावरून तयार होणारे १०-बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचे. विलंब झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क आणि शिवाय १० हजारांपासून एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मेळाव्यात गर्दीच्या वेळी पॅन लिहून घ्यायचा राहिला, की मे महिन्यात कार्यकर्त्यांना शंभर फोन करत बसावे लागते, आणि तोवर काही देणगीदारांचे नंबरही बदललेले असतात. (२०२५चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात. इथे संस्थांच्या तोंडी रुळलेले क्रमांकच वापरले आहेत.)

ज्या पैशाला नावच नाही, त्याचे काय? दानपेटीत पडणाऱ्या नोटेवर कुणाचा पत्ता नसतो. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर धर्मादाय संस्थेला त्यांवर ३० टक्के कर भरावा लागतो. निव्वळ धार्मिक संस्थांना यातून सूट आहे. शिर्डीचे श्री साईबाबा संस्थान मंदिरही चालवते आणि रुग्णालय, शाळाही चालवते. मग त्याच्या दानपेटीला कोणता नियम लावायचा, यावर प्राप्तिकर विभाग आणि संस्थान यांच्यात वाद झाला. हे संस्थान धार्मिक आणि धर्मादाय असे दोन्ही आहे, त्यामुळे त्याला सूट मिळते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला. संस्था कोणत्या उद्देशाने नोंदली आहे, तिच्या घटनेत नेमके कोणते शब्द आहेत, यावर कोट्यवधींचा कर अवलंबून असू शकतो, हे या खटल्यातून दिसले.

गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळालाही हाच धडा लागू आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची आणि नंतर जमाखर्च सादर करायचा. हिशेबाची पहिली शिकवण अनेक कार्यकर्त्यांना मांडवातच मिळते.

पैसा उरला तरी अडचण

कुटुंबात वर्षअखेर पैसा शिल्लक राहिला तर आनंद होतो. संस्थेत मात्र त्याचे कारण द्यावे लागते. प्राप्तिकरातून सूट हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग त्याच वर्षी संस्थेच्या उद्देशांवर खर्च करावा लागतो.

समजा, एखाद्या संस्थेचे वर्षाचे उत्पन्न ४० लाख रुपये आहे. त्यातले ३४ लाख खर्च व्हायला हवेत. पण १५ मार्चला एका कंपनीने पाच लाख पाठवले आणि खर्च ३० लाखांवरच थांबला. आता उरलेल्या चार लाखांसाठी मुख्यतः दोन वाटा आहेत. कर भरायचा, किंवा कार्यकारी मंडळाने ठराव करून ती रक्कम विशिष्ट कामासाठी जास्तीत जास्त पाच वर्षे साठवून ठेवायची, तसा नमुना मुदतीत भरायचा आणि पैसा कायद्याने ठरवून दिलेल्या ठिकाणीच गुंतवायचा. ‘संस्थेच्या उद्दिष्टांसाठी’ असे मोघम लिहून भागत नाही. वसतिगृहाचे छत, रुग्णवाहिका, असे नेमके काम सांगावे लागते. ज्या संस्थेत दर महिन्याला जमाखर्च पाहिला जातो, तिथे हा प्रश्न डिसेंबरमध्येच लक्षात येतो. जिथे वर्षातून एकदाच सीएकडे पिशवी भरून व्हाउचर जातात, तिथे तो सप्टेंबरमध्ये कळतो, आणि तोवर वर्ष संपून सहा महिने झालेले असतात.

करसवलतीच्या बळावर देणगी मागण्याची जुनी पद्धतही आता पुरेशी राहिलेली नाही. नव्या करप्रणालीत व्यक्तीला ८०-जीची वजावट मिळत नाही, आणि ती प्रणाली आता आपोआप लागू होते. म्हणजे पगारदार देणगीदाराला ‘कर वाचेल’ असे सांगणे अनेकदा खोटे ठरेल. कामच पटवून द्यावे लागेल.

कंपनीचा पैसा, कंपनीचे वेळापत्रक

२०१३च्या कंपनी कायद्याने देणगीच्या दुनियेत मोठा बदल केला. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा पाच कोटी रुपयांवर आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची, हा नियम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला. या निधीचा सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राच्या पदरात पडतो. हा पैसा घेण्यासाठी संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ही वेगळी नोंदणी लागते.

सीएसआरमुळे अनेक संस्थांची कामे मोठी झाली, हे खरे आहे. पण हा पैसा हप्त्यांनी येतो, आधी संस्थेने खर्च करायचा, मग खर्चाचा दाखला, म्हणजे ‘यूसी’, पाठवायचा आणि मग पुढचा हप्ता. मधल्या तीन महिन्यांचे पगार कुठून द्यायचे, याचे उत्तर करारात नसते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, तर कंपनीचे मार्चमध्ये संपते. आणि दिशा बदलली तर ती एका दिवसात बदलते. २८ मार्च २०२० रोजी पीएम केअर्स निधीची घोषणा झाली आणि त्याला दिलेला पैसा सीएसआर धरला जाईल, असे त्याच दिवशी स्पष्ट झाले. कंपन्यांनी वर्षअखेरची रक्कम तिकडे वळवली. महासाथीच्या तोंडावर, नेमके गावोगाव काम करायचे होते त्याच वेळी, अनेक संस्थांचे कबूल झालेले पैसे आले नाहीत.

इथे मूळ दुखण्याकडे वळावे लागते. बहुतेक दाते वह्या, औषधे, विहिरी यांसाठी पैसा देतात. हिशेबनिसाचा पगार, कार्यालयाचे भाडे, सॉफ्टवेअर, लेखापरीक्षणाची फी यांसाठी देत नाहीत. ‘आमचा शंभर टक्के पैसा लाभार्थ्यांपर्यंत पोहोचला पाहिजे’ असे ऐकायला छान वाटते. पण तो पोहोचला की नाही, हे लिहून ठेवणाऱ्या माणसालाही पगार लागतो. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने भारतातल्या ४० संस्थांचे हिशेब तपासले, तेव्हा असा अप्रत्यक्ष खर्च कामाच्या स्वरूपानुसार ५ टक्क्यांपासून ५१ टक्क्यांपर्यंत आढळला. सगळ्यांना एकच पाच किंवा दहा टक्क्यांची पट्टी लावणारा दाता नकळत संस्थेला हिशेबात काटकसर करायला लावतो, आणि पुढे हिशेब कच्चा निघाला की दोष संस्थेला देतो.

दिल्लीतले एक खाते

परदेशी देणगीचा कायदा पहिल्यांदा १९७६ मध्ये, आणीबाणीत आला. सध्याचा कायदा २०१०चा आहे आणि त्यात सप्टेंबर २०२० मध्ये मोठे बदल झाले. त्यानुसार परदेशातून येणारा प्रत्येक रुपया आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात यायला हवा, मग संस्था गडचिरोलीची असो वा सिंधुदुर्गातली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि एका संस्थेने असा पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बदलांवर शिक्कामोर्तब केले.

शेवटच्या नियमाचा फटका सर्वांत लहान संस्थांना बसला. मुंबईत किंवा दिल्लीत कार्यालय असलेली मोठी संस्था परदेशी निधी मिळवायची, इंग्रजीतले अहवाल लिहायची आणि तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या पाच-सहा छोट्या संस्थांना त्यातला भाग द्यायची. ती साखळी तुटली. परदेशी देणगीदारांपर्यंत स्वतः पोहोचण्याएवढी ताकद या छोट्या संस्थांकडे नव्हती. आजवर वीस हजारांहून अधिक संस्थांची परदेशी देणगीची नोंदणी रद्द झाली आहे. त्यामागची कारणे वेगवेगळी आहेत, पण वार्षिक विवरण वेळेवर न भरणे हे त्यांतले नेहमीचे कारण. परदेशातल्या मराठी मंडळींनी आपल्या गावच्या शाळेला पैसे पाठवण्यापूर्वी त्या संस्थेकडे ही नोंदणी आहे का, हे विचारणे म्हणूनच गरजेचे आहे. पाठवणाऱ्याने भारतीय नागरिकत्व सोडले असेल तर त्याचा पैसा परदेशी देणगीच ठरतो.

अध्यक्ष गेले, सही अडली

महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्था दोन ठिकाणी नोंदलेल्या असतात: १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. दुसरा कायदा धर्मादाय आयुक्तांना मोठे अधिकार देतो. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, जमीन घेतली, तर ९० दिवसांत ‘चेंज रिपोर्ट’ दाखल करायचा. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची तर आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरी ती हवी. कर्ज काढायचे तरी हवी.

यांतला चेंज रिपोर्ट सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त राहून जाणारा. अध्यक्षांचे निधन होते, शोकसभा होते, नवे अध्यक्ष निवडले जातात, पण अर्ज दाखल करायचा राहतो. दोन-तीन वर्षांनी मोठी देणगी येते आणि बँक नव्या सहीसाठी धर्मादाय कार्यालयाचा ‘शेड्यूल वन’चा उतारा मागते. त्या उताऱ्यावर अजून दिवंगत अध्यक्षांचेच नाव असते. मग उशीर माफ करण्याचा अर्ज, जुन्या सभांच्या नोटिसा शोधणे, त्या सभेला हजर असलेल्यांच्या सह्या मिळवणे, अशी धावपळ सुरू होते. तोवर विश्वस्तांमध्ये दोन गट पडले असतील तर प्रकरण वर्षानुवर्षे चालते. महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या शिक्षणसंस्था आणि वाचनालये याच दलदलीत रुतली आहेत.

म्हणून शहाण्या संस्था कार्यालयाच्या भिंतीवर तारखांचा तक्ताच लावतात. फेब्रुवारीअखेर पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक. ३१ मेला देणग्यांचे विवरण. सप्टेंबरअखेर लेखापरीक्षण अहवाल. ३१ ऑक्टोबरला प्राप्तिकर विवरणपत्र. ३१ डिसेंबरला परदेशी देणगीचे विवरण. आणि प्रत्येक नोंदणीच्या शेवटच्या तारखेआधी सहा महिने लाल खूण.

धोका पैशाचाच असतो असे नाही

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते, आणि त्या वेळी ठेवीला विम्याचे संरक्षण होते एक लाखापर्यंतच. बँक शेड्यूल्ड होती, म्हणजे कागदोपत्री तिथे पैसा ठेवण्यात संस्थांची चूक नव्हती. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले, तेव्हा पुरीच्या जगन्नाथ मंदिराचे ५४५ कोटी रुपये तिथे होते. ते परत मिळाले, पण ओडिशात तोवर मोठी खळबळ उडाली होती. कायदा पाळला म्हणजे धोका टळला, असे नसते. एकाच बँकेत सगळी ठेव न ठेवणे, अर्धा टक्का जादा व्याजाचा मोह टाळणे आणि किमान सहा महिन्यांच्या खर्चाइतका राखीव निधी हाताशी ठेवणे, हे विश्वस्तांच्या शहाणपणावर असते.

पैशापेक्षाही मोठा धोका माणसांचा. २०१८ मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या प्रकल्पाने बिहारमधल्या शंभरहून अधिक निवारागृहांच्या पाहणीचा अहवाल दिला. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर होणारे अत्याचार त्यातून उघड झाले. ते गृह एक स्वयंसेवी संस्था सरकारी अनुदानावर चालवत होती. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. पाहणी करणारे लोक मुलींशी बोलले, म्हणून ते सत्य बाहेर आले. नुसत्या व्हाउचरांच्या तपासणीतून ते कधीच आले नसते.

मुलांबरोबर काम करणाऱ्या संस्थेत कर्मचारी नेमताना आधीच्या ठिकाणी चौकशी करणे, बाल न्याय कायद्याखालची नोंदणी ठेवणे, पोक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे, दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे, या गोष्टी कागदी सोपस्कार म्हणून उरकल्या की काय होते, ते मुझफ्फरपूरने दाखवले. ‘आपल्याकडे सगळी घरचीच माणसे आहेत’ हे वाक्य जिथे अभिमानाने म्हटले जाते, तिथे ही काळजी दुप्पट घ्यायला हवी.

तिसरा धोका बोलायला अवघड असतो, तो म्हणजे संस्थापकाच्या पश्चात काय. अनेक मराठी संस्था एका तेजस्वी व्यक्तीभोवती उभ्या राहिल्या. देणगीदार त्या व्यक्तीला ओळखतात, अधिकारी तिचा फोन घेतात, धनादेशावर तिचीच सही असते. मुक्तांगणच्या संस्थापक डॉ. सुनंदा अवचट यांचे १९९७ मध्ये निधन झाले. केंद्र पुढे चालत राहिले, कारण काम करणारी दुसरी फळी, रुग्णमित्र आणि ठरलेली पद्धत तोवर तयार झाली होती. अशी तयारी संस्थापक धडधाकट असतानाच करावी लागते.

छोट्या संस्थेला जमेल असे

हे सगळे वाचून पाच माणसांची संस्था घाबरून जाईल. तिला महागडा सल्लागार नको असतो. तिच्यासाठी काही सवयी पुरेशा असतात. धनादेशावर दोघांच्या सह्या, आणि ते दोघे एकाच घरातले नसावेत. पैसे घेणारा आणि हिशेब लिहिणारा वेगळा. दर महिन्याच्या दहा तारखेला कोषाध्यक्षाने बँकेचे पासबुक आणि किर्द शेजारी ठेवून ताळा घ्यायचा. ठरावीक रकमेवरच्या खरेदीला तीन कोटेशन. सभेचे इतिवृत्त आठ दिवसांत लिहून वाचून दाखवायचे. विश्वस्ताच्या नातेवाइकाच्या दुकानातून खरेदी होणार असेल तर त्या विश्वस्ताने तसे सभेत सांगायचे आणि त्या निर्णयापासून बाजूला राहायचे. वर्षातून एक दुपार सर्वांनी बसून ‘आपले काय बिघडू शकते’ याची दहा ओळींची यादी करायची आणि प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचे नाव लिहायचे.

निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षक, लेखापाल हे महाराष्ट्राच्या प्रत्येक गावात आहेत. वृक्षारोपणाला स्वयंसेवक मिळतात, तसे किर्द तपासायलाही मिळू शकतात. संस्थांनी तसे मागायला हवे.

आणि देणगीदारांनीही आपला वाटा उचलायला हवा. देणगी देण्यापूर्वी संस्थेचा नोंदणी क्रमांक, ८०-जीचा आदेश आणि मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागावेत. चांगली संस्था रागावत नाही, ती लगेच पाठवते. रक्कम बँकेतून द्यावी, पॅन आठवणीने लिहावा आणि मे महिन्यानंतर प्रमाणपत्र आले का, ते पाहावे. शक्य असेल तर एकदाच मोठी रक्कम देण्याऐवजी दरवर्षी ठरलेली रक्कम द्यावी, कारण संस्थेला पुढच्या वर्षाचा अंदाज बांधता आला तर ती चांगली माणसे टिकवू शकते. आणि या वर्षी धनादेशासोबतच्या पत्रात एक ओळ जरूर लिहावी: यातली काही रक्कम हिशेबनिसाच्या पगारासाठी वापरली तरी आमची हरकत नाही.